कार्ड कुणाकडे आणि मस्तक कोण?

आदरणीय बाई,

प्रभूच्या नावात सलाम. माझं वय एकतीस. मूळ गाव श्रीरामपूरजवळ, आता भोसरीत भाड्याने राहतो. लग्नाला चार वर्षं झाली, मुलगी दोन वर्षांची आहे. पत्नी एका मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. मी चाकणला काँट्रॅक्टवर होतो. मागच्या वर्षी ब्रेक दिला, चार महिने घरी बसलो. आता दुसरीकडे लागलोय, पण पगार तिच्या निम्मा. तिची नाइट असली की स्वयंपाक आणि मुलीचं सगळं मीच बघतो. नाताळात आई आली होती. मला चपात्या लाटताना बघून चारचौघांत म्हणाली, "एवढा शिकवला तो यासाठी का?" ते डोक्यातून जात नाही.

शनिवारी आमचा मित्रांचा प्रार्थनेचा गट असतो. तिथे आम्ही ख्रिस्ती पुरुषावरचे व्हिडिओ बघतो. पुरुष हा घराचा राजा, याजक आणि रक्षक, येशूने मंदिरात चाबूक उचलला तसं त्याने घरात ठाम राहावं, असं त्यात सांगतात. मी पत्नीला म्हटलं, एटीएम कार्ड माझ्याकडे दे, माहेरी जाताना विचारून जा आणि नाइट सोड. ती म्हणाली, "येशूने कुणाचं कार्ड मागितलं होतं?" माझा हात उगारला गेला. मारलं नाही. तिने कार्ड टेबलावर ठेवलं, आता मुलीपुरतंच बोलते. प्रार्थनेला बसलो तरी मन लागत नाही. पती पत्नीचं मस्तक आहे असं वचनात लिहिलंय ना? मी आधी मऊ पडलो होतो की आता चुकतोय?

— एक वाचक, भोसरी

*

आधी त्या हाताचं बोलू, वचनाचं मागाहून. मारलं नाही असं तू लिहिलंस, पण ज्या बाईवर हात उगारला जातो तिला त्या क्षणी पुढे काय होणार ते माहीत नसतं. त्यानंतर ती मुकाट्याने कार्ड ठेवते आणि बोलणं टाकते, याला तू तिचं ऐकणं समजू नकोस. ती भ्यायली आहे. आपल्याकडे 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. त्यात मारहाणीबरोबर धाक घालणं येतं, आणि बायकोचा पैसा अडकवून ठेवणंही येतं. पाळकसाहेब हे व्यासपीठावरून सहसा सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. कार्ड आजच्या आज तिच्या हातात परत दे. पिन तुला माहीत असणारच, तो तिला बदलू दे आणि नवा विचारू नकोस. मग माफी माग. "चुकलो, पण तूही तसं बोलायला नको होतंस" अशी नको, नुसती "चुकलो". तिला चार दिवस माहेरी जायचं असेल तर अडवू नकोस. बॅग उचल, मुलीला कडेवर घे आणि एसटीत बसवून ये. हात पुन्हा शिवशिवतोय असं वाटलं तर घराबाहेर पड, आणि समुपदेशकाकडे जायला लाजू नकोस.

आता वचन. हो, लिहिलंय. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पती पत्नीचं मस्तक आहे असं प्रेषित पौल म्हणतो. ते मी झाकून ठेवणार नाही. पण तुमच्या गटात वाचन बाविसाव्या ओवीपासून सुरू झालं असणार, पैजेवर सांगते. तिच्या आधीची एकविसावी ओवी सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन राहायला सांगते. मग पत्नींसाठी तीन ओव्या. मग पंचविसाव्यापासून अध्याय संपेपर्यंत बहुतेक सगळं बोलणं नवऱ्यांशी. त्या सगळ्या बोलण्यात "बायकोला अधीन ठेवा" अशी आज्ञा शोधून दाखव. नाही सापडणार. तिला जे सांगितलंय ते पौलाने तिला सांगितलंय, वसुलीसाठी तुला नेमलेलं नाही. तुला सांगितलंय ते असं, की ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे चर्चवर, प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला देऊन टाकलं, तशी प्रीती कर. ज्या रोमी जगात हे पत्र वाचलं गेलं तिथे कर्त्या पुरुषाचं घरावर कायद्यानेच राज्य होतं. बायकांनी ऐकावं हे तिथे कुणालाच नवं नव्हतं. नवऱ्याने बायकोसाठी जीव द्यावा हे ऐकताना मात्र सभेतले पुरुष एकमेकांकडे बघायला लागले असतील.

यावर तू म्हणशील, बाई, येशूने कुठे संसार केला? त्याला ना हप्ते, ना सासुरवाडी. नवऱ्याने त्याचा कित्ता गिरवायचा तो कसा? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच्या चरित्रात लग्नाचे धडे शोधत बसू नकोस. हाती सत्ता असताना त्याने तिचं काय केलं, एवढंच बघ.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढ. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे येशूला ठाऊक होतं, असं योहान आधी नोंदवतो. मस्तक कोण याबद्दल त्या खोलीत कुणालाच शंका नव्हती. आणि लगेच पुढे, तो जेवणावरून उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुवायला लागतो. दिवसभर वहाणा घालून धुळीतून तुडवलेले पाय ते. भेगाळलेल्या टाचा, बोटांच्या बेचक्यांत माती. हे काम घरच्या गड्याचं. पेत्राला ते बघवेना. माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत, असं तो म्हणाला. त्याच पंगतीत यहूदाही बसला होता, तो उठून अंधारात गेला तो नंतर. धरून देणाऱ्याचे पायसुद्धा वगळले नाहीत. (वसईकडच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी फादर हेच करतात. 2013 साली पोप फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले आणि बारा जणांचे पाय धुतले, त्यांत दोन मुली होत्या. स्त्रियांचे पाय धुण्याची रीत नियमात यायला 2016 उजाडलं. चर्चलाही काही गोष्टी शिकायला वेळ लागतो.)

हा प्रसंग तुला पाठ असेल. त्याच योहानाचा एकविसावा अध्याय मात्र व्हिडिओवाले सहसा उघडत नाहीत. प्रभू मरणातून उठला आहे, आता त्याहून मोठा अधिकार उरलेला नाही. शिष्य तिबिर्याच्या समुद्रावर रात्रभर जाळी टाकून दमलेले. पहाटे किनाऱ्याला लागतात तो कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, बाजूला भाकर. या आणि न्याहारी करा, असं तो त्यांना म्हणतो. भाकर घेऊन आपल्या हाताने वाढतो. ज्याने मरण जिंकलं त्याने रात्रपाळी करून आलेल्यांसाठी सकाळी चूल पेटवून ठेवली होती. तुझी बायको बारा तास वॉर्डात उभी राहून सकाळी दार उघडते तेव्हा तिला गरम चहा आणि दोन चपात्या मिळत होत्या. त्या करताना तुझं मस्तकपण कुठेही सांडलं नव्हतं. तुझ्या आईला ते दिसलं नाही, ठीक आहे. पण तुला स्वतःलाही ते दिसलं नाही याचं मला वाईट वाटतं.

आता चाबूक. तुमच्या त्या व्हिडिओंचा तो फार आवडता दिसतो. योहान दुसऱ्या अध्यायात सांगतो की येशूने दोऱ्यांचा कोरडा, म्हणजे चाबूक, केला, मेंढरं-गुरं मंदिराबाहेर हाकलली, सराफांचे चौरंग उलथे केले. राग खरा होता, नाटक नव्हतं. पण कुणासाठी? प्रार्थनेच्या घराचा बाजार झाला होता म्हणून. स्वतःचा अपमान झाला तेव्हाचा येशू बघायचा तर अठराव्या अध्यायात जा. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसली तर ती म्यानात घाल म्हणाला, आणि ज्याचा कान तुटला त्याला बरं केलं, असं लूक सांगतो. प्रमुख याजकापुढे एका शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याने उलटून मारलं नाही, आणि गप्पही बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर का मारतोस, असं सरळ विचारलं. आपल्या मानासाठी त्याने एकदाही कोरडा उचललेला नाही. तुझ्या घरात त्या दिवशी कोणत्या देवाच्या घराचा बाजार झाला होता? आईने चारचौघांत उतरवलेला मान तू बायकोकडून भरून घ्यायला गेलास.

पैशाचंही याच ओघात सांगते, कारण मला वाटतं खरी सल तिथे आहे. लूकच्या आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला तीनच ओव्या आहेत, घाईत निसटून जातात. येशू गावोगाव फिरत होता, बरोबर बारा शिष्य, आणि काही बायका. मग्दालीया मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि आणखी पुष्कळ जणी. या आपल्या पैशाअडक्याने त्यांचा खर्च चालवत होत्या. म्हणजे देवाचा पुत्र बायकांच्या पैशावर जेवला, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्याने ते लपवायची गरज मानली नाही. येशूचं प्रभुत्व त्याने कमी झालं असेल तर तुझंही होईल. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातली सद्गुणी स्त्री आपल्याकडे प्रत्येक लग्नात वाचतात. ती शेत बघून विकत घेते, द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्यांना देते. नवऱ्याकडे कार्ड जमा करून ती हे करत होती असं काही तिथे लिहिलेलं नाही.

हे राजा-याजक-रक्षक प्रकरण येतं कुठून, तेही जरा बघ. येशू फार मवाळ दिसतो, चर्चमध्ये बायकाच जास्त येतात, ही काळजी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात चार्ल्स किंग्जली आणि थॉमस ह्यूज या लेखकांच्या भोवती खेळ, व्यायाम, मर्दानगी आणि भक्ती यांची सांगड घालणारा एक प्रवाहच उभा राहिला. तो पुढे अमेरिकेत पोचला. तालमीत जाण्याला माझी हरकत नाही, येशूही सुताराच्या घरचा होता. पुढे अमेरिकेत वाद पेटला तो स्त्री-पुरुषांच्या भूमिकांचा. एक पक्ष म्हणतो, दोघं देवापुढे समान, पण घरात आणि मंडळीत भूमिका वेगळ्या, नेतृत्व पुरुषाचं. दुसरा म्हणतो, ख्रिस्तामध्ये नेतृत्वही दोघांचं. दोन्हीकडे देवभीरू आणि अभ्यासू माणसं आहेत, आणि मी त्यांच्यात पंच व्हायला बसलेली नाही. पण पहिल्या पक्षाचं जे प्रसिद्ध निवेदन आहे, 1987 साली मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्स गावी मसुदा झालेलं, तेसुद्धा म्हणतं की पतीचं नेतृत्व प्रेमळ आणि नम्र असायचं होतं, पापामुळे त्याच्या जागी दांडगाई येते किंवा निष्क्रियपणा येतो. म्हणजे तुझ्या गटाच्या बाजूचे सगळ्यात कडक लोकही कार्ड काढून घेण्याला पापाच्या खात्यात टाकतील. कॅथलिकांकडे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 च्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेवरच्या पत्रात इफिसकरांसचा हाच अध्याय घेऊन सांगितलं की अधीनता एकतर्फी नाही, ती परस्परांची आहे. तुला कोणत्याही दारातून आत जायचं असेल तर जा, आत गेल्यावर तुला तोच रुमाल बांधायला लागणार आहे.

आपल्या घरातलं उदाहरण द्यायचं तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं देईन. आदर्श नवरा म्हणून नाही हं. टिळक तापट होते, लहरी होते, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते हसत-रडत लिहूनही ठेवलंय. पण 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 साली. मधली बरीच वर्षं ताटातुटीची. पुढे त्या नगरला आल्या तेव्हाही सोवळं-ओवळं सांभाळूनच आल्या, आणि टिळकांनी ते सांभाळू दिलं. ज्या प्रभूसाठी त्यांनी जात, भाऊबंद, सगळं सोडलं होतं, त्या प्रभूवर विश्वास ठेवायची सक्तीसुद्धा त्यांनी बायकोवर केली नाही. आणि तू माहेरी जायच्या परवानगीवर अडून बसलास. याच टिळकांनी आपल्या भजनांत ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली. त्यात त्यांना पुरुष म्हणून काही कमीपणा वाटलेला दिसत नाही, आणि स्वतः येशूनेही यरुशलेमेकडे बघून, कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुम्हांला घ्यायचं माझ्या किती मनात होतं, असं म्हटलंच होतं.

"मऊ पडलो होतो का" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी सरळ नाही म्हणून संपवणार नाही. एका जागी तू खरंच कमी पडलास. चार महिने घरी बसलास, कमी पगारावर लागलास, आईने टोचलं, आणि यातलं बायकोला काय सांगितलंस? पत्रात तर कुठे दिसत नाही. थेट कार्ड मागितलंस. गेथशेमानेत येशूने पेत्र, याकोब आणि योहानाला सांगितलं की माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे, इथे थांबा, जागे राहा. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना तो सगळ्यांदेखत रडला. आतून तुटलेलं असताना माणसाला जवळ बोलावणं ही त्याची रीत होती. तुझ्यासारख्या कमावत्या वयाच्या मुलाला काँट्रॅक्टचा ब्रेक म्हणजे काय ते मला कळतं. सकाळी कंपनीची बस चौकातून जाते आणि तू बाल्कनीतून बघतोस. हे तिला सांग. तिने रोज वॉर्डात पुरुषांना रडताना पाहिलंय, तिला त्याचं नवल नाही.

प्रार्थनेत मन लागत नाही म्हणतोस, त्याचं उत्तर पेत्राने आधीच लिहून ठेवलंय. पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो नवऱ्यांना सांगतो की पत्नीबरोबर समजूतदारपणे राहा, तिला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांना अडथळा येणार नाही. पेत्र संसारी माणूस होता, त्याच्या सासूच्या तापाची गोष्ट मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे, त्यामुळे हे पुस्तकी बोलणं नाही. तू आत खोलीत गुडघे टेकतोस आणि ती बाहेर मुलीला भरवते आहे, तुझ्याशी एक शब्द न बोलता. तुझी प्रार्थना कुठे अडली ते तुला बाहेर येऊनच कळेल. आणि एक विनंती, समेट झाला की दुसऱ्याच दिवशी कुटुंबप्रार्थनेला इफिसकरांसचा पाचवा अध्याय काढून बसू नकोस. सहा महिने तो अध्याय तू एकट्यानेच वाच, पंचविसाव्या ओवीपासून.

आईशी तू बोल. बायकोला पुढे करू नकोस, आणि बायकोच्या नावावर तर मुळीच खपवू नकोस. "आई, तिची रात्रपाळी असते, स्वयंपाक मी करतो आणि मला तो आवडतो, पुन्हा चारचौघांत असं बोलू नकोस," एवढं तिच्या डोळ्यांत बघून म्हणायला जेवढी छाती लागते तेवढी बायकोवर ओरडायला लागत नाही. करिंथच्या मंडळीला पौलाने मर्दासारखे वागा, खंबीर व्हा म्हणून लिहिलंय, तुमच्या गटात ते भिंतीवर लावलेलं असेल. त्याला लागूनच, जे काही कराल ते प्रीतीने करा असंही आहे. तेही लावा.

नाइट सोडायची की नाही ते तिचं तिला ठरवू दे. मुलगी लहान आहे, तुम्हां दोघांची झोप मोडते, हे खरं आहे. पण तो प्रश्न मस्तकाचा नाही, रोस्टरचा आहे. दोघं बसून महिन्याचं भाडं, किराणा, मुलीचं दूध, गावी पाठवायचे पैसे कागदावर मांडा, मग नाइटच्या भत्त्याशिवाय भागतं का ते बघा. कदाचित तुझी शिफ्ट बदलून घेणं सोपं पडेल.

शनिवारचा गट सोड असं मी म्हणत नाही. पुरुषांनी एकत्र बसून प्रार्थना करणं आपल्याकडे आधीच दुर्मीळ आहे. मंडळीत प्रीतिभोजन झालं की मोठाली पातेली घासायला महिला मंडळ आणि सतरंज्यांवर गप्पा मारायला पुरुष, हे मी आयुष्यभर बघत आले. तर येत्या शनिवारी एक कर. व्हिडिओ लावण्याआधी सगळ्यांना विचार की बायकोची माफी तुम्ही शेवटची कधी मागितली आणि कशाबद्दल. सुरुवात तू कर, तुझ्याकडे सांगायला ताजं आहे. मग कोण बोलतं आणि कोण फोनमध्ये तोंड घालतं ते मला लिहून कळव.

— तुझी बाई